शिल्लक वाढली, पण परतावा किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर निवृत्ती योजनांच्या परताव्याची कोष्टके नेहमी येतात. एक वर्ष, तीन वर्षे, पाच वर्षे, आणि प्रत्येकापुढे टक्के. ही कोष्टके चुकीची नसतात, पण ती योजनेचा हिशेब सांगतात. वाचकाच्या स्वतःच्या खात्यात काय घडले, ते त्यांतून कळत नाही. तो हिशेब ज्याचा त्यानेच मांडावा लागतो. तो कसा मांडायचा आणि लोक नेमके कुठे घसरतात, हे सविस्तर लिहीत आहे. शेवटी संपादकांकडेही एक मागणे आहे.

खात्याचे विवरण हाती पडले की बहुतेकांची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. गेल्या वर्षी १२ लाख होते, यंदा १४ लाख १० हजार झाले. म्हणजे साडेसतरा टक्के वाढ! आता याच वर्षात पगारातून दरमहा १५ हजार कापले गेले असतील, तर १ लाख ८० हजार आपणच टाकले. गुंतवणुकीची कमाई उरली फक्त ३० हजार. तिचा टक्का काढताना १२ लाखांनी भागले तर थोडा अन्याय होतो, कारण भरलेल्या पैशांनीही काही महिने काम केले आहे. पहिला हप्ता जवळपास वर्षभर गुंतलेला होता, शेवटचा जेमतेम काही दिवस. म्हणून सुरुवातीच्या शिलकीत वर्षभराच्या भरण्याची निम्मी रक्कम मिळवायची. १२ लाख अधिक ९० हजार, म्हणजे १२ लाख ९० हजार. ३० हजारांना याने भागले की उत्तर येते सुमारे २.३ टक्के. कुठे साडेसतरा आणि कुठे सव्वादोन!

निम्म्याची ही युक्ती नवी नाही. पेन्शन फंडांची कामगिरी मोजण्यासाठी पीटर डीट्झ यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. कागद-पेन्सिलीने दोन मिनिटांत होते आणि हप्ते समान असतील तर उत्तर पुरेसे अचूक येते. वर्षाच्या मधेच बोनसची मोठी रक्कम टाकली, उचल घेतली किंवा जुन्या नोकरीचे खाते या खात्यात वर्ग करून आणले, तर मात्र ती डगमगते. तिथे संगणकाची मदत घ्यावी.

एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस या तिन्हींत ‘एक्सआयआरआर’ (XIRR) नावाचे, तारखा लक्षात घेऊन वार्षिक परतावा काढणारे सूत्र तयार असते. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा. आपल्याकडून खात्यात गेलेली प्रत्येक रक्कम उणे चिन्हाने लिहायची, खात्यातून आपल्या हाती आलेली प्रत्येक रक्कम अधिक चिन्हाने. सर्वांत शेवटी आजची तारीख आणि आजची शिल्लक, जणू आजच सगळे पैसे काढून घेतले अशा हिशेबाने, अधिक चिन्हाने. जुन्या नोंदी मिळत नसतील तर ज्या तारखेची शिल्लक खात्रीने ठाऊक आहे तिथून सुरुवात करावी. ती शिल्लक उणे चिन्हाने पहिली नोंद म्हणून टाकली की पुढचा हिशेब बिनचूक होतो. वीस वर्षांची कागदपत्रे सापडेपर्यंत थांबून राहण्याची गरज नाही.

सूत्र सोपे आहे, पण त्यात नोंदी भरताना गडबड होते. नोकरी देणाऱ्याचा हिस्सा पुष्कळजण लिहीतच नाहीत, कारण तो आपल्या खिशातून गेलेला नसतो. मग ती सगळी रक्कम गुंतवणुकीची कमाई म्हणून मोजली जाते आणि परतावा डोळे दिपवणारा दिसतो. गुंतवणुकीची पारख करायची असेल तर मालकाचा हिस्साही उणे चिन्हानेच लिहायला हवा. याउलट योजनेच्या आतच पुन्हा गुंतवलेला लाभांश किंवा जमा झालेले व्याज वेगळे लिहायचे नाही. ते शेवटच्या शिलकीत आलेलेच असते. युनिट, म्हणजे योजनेतले आपले हिस्से, विकून वसूल केलेल्या शुल्काचेही तसेच. त्याने शिल्लक आधीच घटलेली असते, ते पुन्हा वजा केले तर दोनदा धरले जाते. सल्लागाराला खिशातून वेगळे पैसे दिले असतील तर तेवढे मात्र उणे लिहावेत. एका योजनेतून दुसरीत पैसे हलवले तर संपूर्ण खात्याच्या हिशेबात त्याची नोंद नाही, पण प्रत्येक योजनेचा परतावा वेगळा काढताना ती हवी: एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे.

उत्तराऐवजी त्रुटीचा संदेश आला तर बहुधा सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या झालेल्या असतात, किंवा तारखा संगणकाने तारीख म्हणून न ओळखता मजकूर म्हणून धरलेल्या असतात. एक्सेलची आणखी एक खोड आहे. खरा परतावा उणे असेल तर ते कधी कधी शून्याच्या अगदी जवळचा, दशांशचिन्हानंतर बरीच शून्ये असलेला विचित्र आकडा दाखवते. आपल्याला वाटते परतावा शून्य आला. प्रत्यक्षात त्याला उत्तर सापडलेलेच नसते. सूत्रात तिसरी जागा अंदाजाची असते. ती रिकामी सोडली तर संगणक १० टक्क्यांपासून शोध सुरू करतो. तिथे उणे ०.१ लिहिले की सहसा खरे उत्तर मिळते. आणि वर्षाहून कमी काळासाठी हे सूत्र वापरूच नये. दोन महिन्यांत ४ टक्के मिळाले तर ते त्याचे वार्षिक दर म्हणून २६.५ टक्के करून सांगते, जणू उरलेले दहा महिनेही असेच जाणार आहेत.

आता योजनेचा छापील परतावा आणि आपला परतावा यांत अंतर का पडते ते पाहू. हा मुद्दा समजला नाही की लोक योजनेला दोष देतात किंवा स्वतःला शाबासकी, आणि दोन्ही अस्थानी असतात. समजा, एका योजनेने पहिल्या वर्षी ४० टक्के कमावले आणि दुसऱ्या वर्षी २० टक्के गमावले. कोष्टकात दोन वर्षांचा परतावा छापून येईल एकूण १२ टक्के, वर्षाला ५.८. एका सभासदाने सुरुवातीला १ लाख ठेवले, त्याचे १ लाख ४० हजार झाले. ते पाहून त्याने आणखी ४ लाख टाकले. पुढच्या वर्षी ५ लाख ४० हजारांवर २० टक्के घट, म्हणजे उरले ४ लाख ३२ हजार. ५ लाख टाकून ६८ हजारांचा तोटा, आणि योजना मात्र नफ्यात! त्याचा वैयक्तिक परतावा निघतो वर्षाला उणे ११.६ टक्के. वर्षांचा क्रम उलटा केला, आधी घट आणि मग वाढ, तर त्याच योजनेत त्याच माणसाचे ६ लाख ७२ हजार होतात आणि परतावा येतो २७.४ टक्के. कोष्टकातले १२ टक्के दोन्ही वेळा जसेच्या तसे.

दोन्ही आकडे खरेच आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पैसा केव्हा आला-गेला हे बाजूला ठेवून काढलेला छापील परतावा व्यवस्थापकाची कामगिरी सांगतो, कारण सभासदाने पैसे केव्हा टाकले यावर व्यवस्थापकाचा ताबा नसतो. एक्सआयआरआर आपल्या पैशाचे काय झाले ते सांगते. व्यवस्थापक बदलावा का, हे पाहताना पहिला आकडा घ्यावा. आपले स्वतःचे निर्णय बरे होते का, हे पाहताना दुसरा. छापील परतावा चांगला आणि आपला सतत त्याहून बराच कमी येत असेल, तर बाजार चढल्यावर पैसे टाकायचे आणि पडल्यावर काढायचे असा प्रकार चालू आहे का ते तपासावे. दरमहा ठरलेली रक्कम भरणाऱ्याच्या बाबतीतही थोडे अंतर राहतेच. त्यात कुणाचीच चूक नसते.

मापदंडाचा, म्हणजे आपला परतावा कशाशी ताडून पाहायचा याचा, प्रश्न याहून नाजूक. निवृत्तीच्या खात्यात समभाग (शेअर) आणि रोखे (सरकारला किंवा कंपन्यांना व्याजाने दिलेली कर्जे) दोन्ही बहुधा असतात, पण तुलना मात्र संध्याकाळच्या बातम्यांत ऐकलेल्या शेअर निर्देशांकाशी केली जाते. तेजीत माणूस विनाकारण खट्टू होतो आणि मंदीत विनाकारण खूश. २००८ चे उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक ‘एस अँड पी ५००’ लाभांश धरून ३७ टक्के पडला. तिथल्या रोख्यांच्या व्यापक निर्देशांकाने सुमारे ५ टक्के दिले. ६० टक्के समभाग आणि ४० टक्के रोखे असलेल्या खात्याचे त्या वर्षी २२ टक्के नुकसान झाले असेल, तर शेअर निर्देशांकाशी ताडून खातेदार म्हणेल, मी १५ टक्क्यांनी पुढे राहिलो. योग्य मापदंड असा निघतो: ३७ चे ६० टक्के म्हणजे २२.२ वजा, ५ चे ४० टक्के म्हणजे २ अधिक, निव्वळ उणे २०.२. म्हणजे खाते पुढे नव्हतेच, जवळपास दोन टक्क्यांनी मागे होते. आपल्या खात्यात ज्या प्रमाणात समभाग आणि रोखे आहेत, त्याच प्रमाणात दोन निर्देशांकांचे परतावे मिसळावेत. वय वाढेल तसे समभाग आपोआप कमी करत जाणाऱ्या योजनांत हे प्रमाण दरवर्षी बदलते, तेव्हा मापदंडातले वजनही दरवर्षी बदलायला हवे. दहा वर्षांपूर्वीचे प्रमाण धरून आजची तुलना करणारे कमी नाहीत.

निर्देशांकाचा आकडा घेतानाही सावध राहावे लागते. ‘एस अँड पी ५००’, लंडनचा ‘फुट्सी १००’, जपानचा ‘निक्केई २२५’ यांचे बातम्यांत येणारे आकडे फक्त किमतींचे असतात, त्यांत लाभांश नसतो. जर्मनीच्या ‘डॅक्स’चा प्रचलित आकडा मात्र लाभांश पुन्हा गुंतवला असे धरून काढलेला असतो. आपल्या योजनेला मिळालेला लाभांश तिच्या मूल्यात मिसळलेला असतो. तिची तुलना नुसत्या किमतीच्या निर्देशांकाशी केली की सामान्य योजनाही हुशार दिसते. वर्षाला दोन टक्के लाभांश ही किरकोळ बाब वाटते, पण ७ टक्क्यांनी २० वर्षांत १ लाखाचे ३ लाख ८७ हजार होतात आणि ९ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार. जाहिरातींतली पुष्कळ बहादुरी याच फरकावर उभी असते. तुलना करताना लाभांशासह परताव्याचा निर्देशांक घ्यावा. त्याचा आकडा निर्देशांक चालवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर सहसा सापडतो.

कालावधीची निवड हा तर जादूचाच प्रयोग आहे. ‘एस अँड पी ५००’चा लाभांशासह पाच वर्षांचा वार्षिक परतावा २००७ च्या अखेरीस १२.८ टक्के होता. बाराच महिन्यांनी, २००८ च्या अखेरीस, तोच रकाना उणे २.२ टक्के दाखवत होता. आणि २०१३ च्या अखेरीस जवळपास १८ टक्के. त्या वर्षी बाजार चांगला वाढला हे खरे, पण रकाना एवढा फुगला त्याचे दुसरे कारण म्हणजे २००८ ची घसरण पाच वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडली होती. रकान्यात सुधारणा दिसली की आधी पाहावे, शेवटी काय आत आले आणि सुरुवातीचे काय गळून पडले. एकाच तारखेचा पाच वर्षांचा आकडा पाहण्यापेक्षा गेल्या पंधरा वर्षांतले वेगवेगळ्या तारखांपासूनचे पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले तर योजनेचा खरा स्वभाव कळतो. सर्वांत वाईट पाच वर्षे किती वाईट होती, हे निवृत्तीच्या पैशाबाबत सरासरीपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. ‘निक्केई’ने २९ डिसेंबर १९८९ ला गाठलेला ३८,९१५ चा उच्चांक पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. त्यात लाभांश धरलेला नाही, आणि दरमहा थोडे थोडे टाकणाऱ्याची स्थिती याहून बरी असणार. तरीही एका तारखेला सगळी पुंजी एका बाजारात ठेवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

सरासरीबद्दल एवढेच. पाच वर्षांत एकूण ६० टक्के वाढ म्हणजे वर्षाला १२ टक्के नव्हे, चक्रवाढीने ९.९ टक्के. २००८ चे उणे ३७ आणि २००९ चे अधिक २६.५ यांची साधी सरासरी उणे ५ येते, पण १०० चे त्या दोन वर्षांत ८० उरले होते, म्हणजे वर्षाला जवळपास उणे ११. विवरणात ‘सरासरी परतावा’ असे शब्द दिसले की चक्रवाढ दर विचारून घ्यावा.

शुल्काकडे वळतो. परतावा पुढे काय येईल ते कुणाच्या हातात नसते, शुल्क मात्र आधीच ठाऊक असते, आणि विवरणात ते सर्वांत बारीक अक्षरांत असते. वर्षाला ८ टक्क्यांनी १ लाखाचे ३० वर्षांत १० लाख ६ हजार होतात. त्यातला एक टक्का दरवर्षी शुल्कात गेला, तर ७ लाख ६१ हजार. एक टक्का म्हणता म्हणता शेवटच्या रकमेतला चौथा हिस्सा गेला. योजनेचे व्यवस्थापन शुल्क, खाते सांभाळण्याचे शुल्क आणि सल्लागाराचे शुल्क यांची बेरीज करून ती सरासरी शिलकीच्या किती टक्के होते ते वर्षातून एकदा काढावे. छापील परतावा योजनेचे शुल्क वजा करून दिलेला असतो, पण खात्याचे वेगळे शुल्क त्यात बहुधा धरलेले नसते. निर्देशांकाचे अनुकरण करणारी योजना असेल तर तपासणी अगदी सोपी. निर्देशांकाच्या परताव्यातून योजनेचा परतावा वजा करा, उत्तर साधारण शुल्काएवढे यावे. दोन-तीन वर्षे सलग ते शुल्काहून बरेच जास्त येत असेल तर योजना नीट चालवली जात नाही, आणि त्याच निर्देशांकाची दुसरी योजना शोधायला हरकत नाही.

व्यवस्थापकाच्या निवडीवर चालणाऱ्या योजनेचा निकाल इतक्या लवकर लावता येत नाही. एक वर्ष मागे पडणे हे काहीच सांगत नाही. तीन वर्षांनी प्रश्न विचारावेत, पाच वर्षांनंतरही योग्य मापदंडाच्या मागेच असेल तर सोडण्याचा विचार करावा. ‘याच प्रकारच्या योजनांच्या सरासरीपेक्षा पुढे’ या दाव्यावर फार विसंबू नये. ज्या योजना खराब चालल्या त्या बंद होतात किंवा दुसऱ्यांत विलीन केल्या जातात आणि यादीतून नाहीशा होतात. मग उरलेल्यांची सरासरी आपोआप चांगली दिसते.

परतावा किती, या प्रश्नाच्या जोडीला परतावा किती हवा होता, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. समजा, खात्यात ४० लाख आहेत, निवृत्तीला १२ वर्षे उरली आहेत आणि दरमहा २५ हजार भरले जातात. आजच्या किमतीत ६० लाख पुरतील असा अंदाज आहे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतात, म्हणजे हवे आहेत १ कोटी २० लाख. हिशेब केला तर दिसते की त्यासाठी वर्षाला सुमारे ५ टक्के पुरेसे आहेत. एक्सेलमधले ‘रेट’ (RATE) हे सूत्र हे उत्तर क्षणात देते. अशा माणसाला शेजाऱ्याचे १५ टक्के पाहून सगळा पैसा समभागांत ढकलण्याचे कारणच उरत नाही. उलट गरज ११-१२ टक्क्यांची निघत असेल तर दोष गुंतवणुकीचा नाही, भरणा कमी पडतो आहे. तिथे योजना बदलत बसण्यापेक्षा हप्ता वाढवणे किंवा निवृत्ती पुढे ढकलणे हेच खरे उपाय आहेत. महागाई वजा जाता परतावा काढताना नुसती वजाबाकी चालते, पण अचूक हवे असेल तर भागाकार करावा: १.०९ भागिले १.०६, म्हणजे ९ टक्क्यांतून खरे मिळाले २.८.

निवृत्ती जवळ आल्यावर मघाच्या दोन वर्षांच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहावे. शिल्लक सर्वांत मोठी असते तेव्हाची घट सर्वांत महाग पडते, आणि खात्यातून दरमहा पैसे काढणे सुरू झाले की पडलेल्या बाजारात विकलेली युनिटे पुन्हा वर येण्यासाठी शिल्लक नसतात. म्हणून शेवटच्या पाच-सात वर्षांत परताव्यापेक्षा समभाग-रोख्यांचे प्रमाण आधी तपासावे. ६०-४० ठरवलेले खाते लांबलेल्या तेजीत कुणी काही न करता ७५-२५ वर जाऊन बसते. ठरवलेल्या प्रमाणाहून पाच टक्क्यांनी सरकले की परत आणणे हा सोपा नियम पुष्कळांना पुरतो.

परताव्याच्या भानगडीत एक साधे काम राहून जाते, आणि माझ्या मते ते सर्वांत आधी करायला हवे. पगाराच्या पावतीवर कापलेली रक्कम खात्यात खरोखर जमा झाली का, हे महिन्यागणिक ताडून पाहणे. वर्षाच्या बारा नोंदी, प्रत्येकी दोन आकडे: आपला हिस्सा आणि मालकाचा हिस्सा. हप्ता उशिरा जमा होणे, एखादा महिना गायब असणे, नोकरी बदलल्यावर जुने खाते तसेच पडून राहणे, निवडलेल्या योजनेऐवजी भलत्याच योजनेत पैसे जाणे, हे प्रकार सर्वत्र घडतात. व्यवस्थापक कितीही हुशार असला तरी न आलेल्या पैशावर तो काय कमावणार? युनिटांची योजना असेल तर सुरुवातीची युनिटे, वर्षात मिळालेली युनिटे आणि शुल्कापोटी कमी झालेली युनिटे यांचा ताळा जुळला पाहिजे. शेवटच्या संख्येला त्या दिवसाच्या मूल्याने गुणले की शिल्लक जुळायला हवी. पैशांत मामुली फरक राहिला तर तो पूर्णांकनाचा. त्याहून मोठा असेल तर लेखी विचारणा करावी, कारण दोन वर्षांनी ती चूक सिद्ध करणे फार अवघड जाते. ठरावीक व्याज देणाऱ्या खात्यात परताव्याची पारख फारशी उरत नाही. तिथे जाहीर दराने आणि योग्य तारखेपासून व्याज लागले का, एवढेच पाहायचे.

हे सगळे किती वेळा करावे? हप्त्यांचा मेळ तीन महिन्यांनी, बाकी सगळे वर्षातून एकदा, आणि दरवर्षी त्याच तारखेला. मोबाईलवर रोज शिल्लक पाहण्याने ज्ञान वाढत नाही. श्लोमो बेनार्त्झी आणि रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच मांडले होते की जितक्या जवळून पाहावे तितकी घट जास्त वेळा दिसते, आणि घटीचा चटका वाढीच्या आनंदापेक्षा तीव्र असल्याने माणूस दीर्घ मुदतीच्या पैशालाही भीतीपोटी कमी परताव्याच्या जागी नेऊन ठेवतो. वर्षाला एक पान पुरते. त्यावर तारीख, सुरुवातीची आणि शेवटची शिल्लक, आपला भरणा, मालकाचा भरणा, शुल्क, वैयक्तिक परतावा, मिश्र मापदंडाचा परतावा, महागाईचा दर, समभाग-रोख्यांचे प्रमाण आणि लक्ष्यासाठी आता हवा असलेला दर एवढ्या नोंदी असाव्यात. पानाच्या तळाशी त्या वर्षी काही बदल केला असेल तर त्याचे कारण एका ओळीत लिहावे. पुढच्या वर्षी तीच ओळ सर्वांत उपयोगी ठरते, कारण आपण काय विचार करून बदल केला होता हे माणूस सोयीस्करपणे विसरतो.

आता मागणे. परताव्याची कोष्टके छापताना चार गोष्टी जोडाव्यात. एक वर्षाहून जास्त काळाचे आकडे वार्षिक चक्रवाढ दराचे आहेत की एकूण वाढीचे, हे मथळ्यातच लिहावे. प्रत्येक योजनेच्या शेजारी तिच्या समभाग-रोख्यांच्या प्रमाणाशी जुळणारा, लाभांशासह निर्देशांकाचा परतावा द्यावा. वार्षिक शुल्काचा एक रकाना असावा. आणि गेल्या पंधरा वर्षांतली त्या योजनेची सर्वांत वाईट पाच वर्षे कोणती व त्यांत काय मिळाले, हे द्यावे. जागेची अडचण असेल तर एका वर्षाच्या परताव्याचा रकाना खुशाल काढून टाकावा.

आपला,
एक वाचक